बिअर चाखायला शिकताना: पुणे, जून ते नोव्हेंबर

क्राफ्ट बिअरच्या ठिकाणी एक फळा असतो. त्यावर खडूने दहा-बारा नावं लिहिलेली असतात आणि प्रत्येक नावापुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा अल्कोहोलचा, तो समजतो. दुसऱ्यापुढे आयबीयू असं काहीतरी लिहिलेलं असतं. वेटर येऊन विचारतो, "मॅडम, हेफ देऊ की विट?" तेव्हा माणूस एकतर शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवतो, नाहीतर "तुम्हीच सांगा" म्हणून मोकळा होतो. मी बरीच वर्षं दुसऱ्या गटात होते. हे लिहितेय ते त्या गटातल्या लोकांसाठी. ज्यांना आधीच सगळं कळतं, त्यांच्यासाठी यात फारसं काही नाही.

मे 2025 मध्ये माझ्या जुन्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, महिन्यातून एका रविवारी भेटून बिअर चाखायला शिकायचं का? त्याने सिसरोनची पहिल्या पातळीची परीक्षा दिली होती. वाइनवाल्यांचा जसा सोमेलिए, तसा बिअरवाल्यांचा हा अभ्यासक्रम. शिकवायची फी नाही, ज्याचं बिल त्याने भरायचं. अटी मात्र होत्या: दुपारी साडेबाराला यायचं, गाडी आणायची नाही, छोट्या ग्लासांचा एक ट्रे संपला की थांबायचं आणि कोणी काहीही म्हणालं तरी हसायचं नाही. शेवटची अट वाचून मी हो म्हटलं.

घरी सांगायचं की नाही, हा प्रश्न होताच. आमच्याकडे सासूबाई आहेत, देवपूजा आहे. शेवटी सरळ सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "जेवायला आहेस की नाही तेवढं आदल्या दिवशी सांग." मी मनात तयार केलेलं सगळं भाषण वाया गेलं.

पहिलं काम परवान्याचं. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि आपण पितो ते त्या कायद्यातल्या परवान्याच्या सवलतीवर. बारमध्ये एका दिवसाचा परवाना 5 रुपयांत मिळतो, पण तो कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. आम्ही पुढे घरीही बसणार होतो, त्यामुळे रीतसर अर्ज करायचं ठरलं. वर्षभराचा परवाना 100 रुपये, आजीवन 1000. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय 21 लागतं, बाकी सगळ्यासाठी 25. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर ओळखपत्र, वयाचा नि पत्त्याचा पुरावा आणि फोटो चढवायचा, ऑनलाइन पैसे भरायचे आणि वाट बघायची. फोटो नि कागद आधीच लहान आकाराचे करून ठेवले तर डोकं शांत राहतं. मी आजीवन घेतला. "आजीवन?" नवऱ्याने चष्म्यावरून बघत विचारलं. मी म्हटलं, दरवर्षी फोटो कोण काढत बसणार. पीडीएफ आली ती फोनमध्ये ठेवली आणि एक प्रत कपाटात, रेशनकार्डाच्या फाइलमध्ये.

1 जूनला पहिली बैठक झाली, मुंढव्याच्या बाजूला. कोथरूडहून कॅबचे तीनशेच्या आसपास झाले आणि येतानाही तेवढेच. हा खर्च आधीच धरून चाला. दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलं तरी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि तो भाग सोडला तरी परतीची काळजी डोक्यात असताना चव लागत नाही.

ट्रेमध्ये पाच छोटे ग्लास होते, फिकटाकडून गडदाकडे: पिल्सनर, कोल्श, पेल एल, आयपीए (म्हणजे इंडिया पेल एल), स्टाउट. मी सवयीने पहिला ग्लास तोंडाला लावणार, तेवढ्यात सहकारी म्हणाला, "थांब. आधी नाक दाब." नाक दाबून एक घोट घेतला. थोडं कडू, थोडं गोड, बुडबुडे, संपलं. मग नाक सोडून श्वास बाहेर टाकायला सांगितला, आणि ताज्या पावाचा वास कुठून आला कळेना. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाचा असतो. वास पुढून जातो तसा घशामागूनही नाकात पोहोचतो. म्हणून बिअर चाखताना वाइनसारखी थुंकत नाहीत. गिळायची, मग नाकाने श्वास सोडायचा आणि तिथे लक्ष द्यायचं. माझ्यासाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच ठरली आणि ती पहिल्या दहा मिनिटांतच झाली.

दुसरी गोष्ट थंडपणाची. अगदी गार बिअर जिभेला बधिर करते. लागर (पिल्सनरसारखी हलकी बिअर) गार चालते, पण स्टाउट टेबलावर आली तेव्हा तिला काहीच वास नव्हता. पाऊण तासाने तीच उचलली तर कॉफी, कोको आणि थोडी करपलेल्या पोळीची कड. माझ्या वहीत मी 'करपट' असं लिहिलं होतं आणि ते खोडणार होते. तो म्हणाला, "खोडू नकोस, भाजलेलं धान्यच आहे त्यात."

बसायच्या आधीच्या काही गोष्टी कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते. अत्तर, परफ्यूम नको. आमच्यातली एकजण मोगऱ्याचा गजरा माळून आली होती. पहिले दोन ग्लास सगळ्यांना मोगऱ्याचेच लागले. शेवटी तो गजरा बाहेरच्या कुंडीला बांधला. लिपस्टिकने आणि तेलकट ओठांनी फेस लगेच बसतो. ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही, निःसंकोच बदलून मागा. आणि मसाला शेंगदाणे शेवटी. मधे तोंड साफ करायला पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे पुरतात. कुरमुऱ्यांची पिशवी आम्ही आमचीच नेतो. वेटरने पहिल्यांदा विचित्र नजरेने पाहिलं, आता विचारत नाही.

त्या दिवशी सहकाऱ्याने बिअर-परीक्षकांचा गुणतक्ताही दाखवला. बीजेसीपी नावाची अमेरिकन संस्था आहे, 1985 पासून परीक्षक तयार करते. त्यांच्या 50 गुणांत वासाला 12, दिसण्याला फक्त 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकूण छापेला 10. आम्ही गुण द्यायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. प्रत्येकाच्या 32 चा अर्थ वेगळा निघत होता. मात्र दिसण्याला 50 पैकी 3 हे बघून बरं वाटलं, कारण इतके दिवस मी रंगावरूनच बिअर निवडत होते.

घरी येताना मला काही शिकल्यासारखं वाटलं नाही. वहीत पाच ओळी होत्या, त्यातल्या दोन 'कडू' आणि 'खूप कडू'. आयपीए मला अजिबात आवडली नव्हती, आणि सगळे माना डोलावत असताना ते बोलायला जरा धीर लागला.

जुलैचा पहिला रविवार 6 तारखेला, आणि त्याच दिवशी आषाढी एकादशी. ड्राय डे. म्हणून 13 जुलै. हा दिवस गव्हाच्या बिअरचा. जर्मन हेफेवायझन आणि बेल्जियन विट असे दोनच ग्लास शेजारी-शेजारी, दुसरं काही नाही. मला वाटतं सुरुवात खरंतर इथूनच करावी. पाच वेगवेगळ्या बिअर एकदम आल्या की सगळ्यांचा गोंधळ होतो. दोन जवळच्या ठेवल्या की फरक आपोआप दिसतो.

हेफेवायझनला पिकलेल्या वेलची केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. यात केळं नसतं आणि लवंगही नसते. 1516 च्या बव्हेरियातल्या नियमानुसार बिअरमध्ये बार्ली, हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) आणि पाणी एवढंच घालायची मुभा होती; गव्हाला पुढे वेगळी सवलत मिळाली. यीस्ट नेमकं काय करतं ते तेव्हा कोणाला नीट माहीत नव्हतं, आणि हा सगळा वास तर त्याचीच करामत. केळ्याचा वास देणारं जे रसायन यीस्ट तयार करतं, तेच किराणा दुकानातल्या केळ्याच्या इसेन्समध्ये असतं. विटचं उलटं. तिच्यात धने आणि संत्र्याची साल खरोखर घालतात. ही जात विसाव्या शतकाच्या मध्यात जवळजवळ संपली होती. हूगार्डन गावच्या पिएर सेलिसने 1960 च्या दशकात ती पुन्हा काढायला सुरुवात केली.

त्या दिवशी वाद झाला तो लवंगेवरून. एक म्हणाला लवंग, दुसरी म्हणाली लवंग अजिबात नाही, हा दाताच्या दवाखान्याचा वास आहे. दोघंही हट्टाला पेटले. मग कोणीतरी आठवण करून दिली की दातांचे डॉक्टर लवंगेच्या तेलातलंच द्रव्य वापरतात. एकच वास, एकाच्या डोक्यात मसालेभात आणि दुसरीच्या डोक्यात रूट कॅनल. तिला हेफेवायझन आजही आवडत नाही. मला विट आवडली, धने ओळखीचे वाटले म्हणून असेल.

ऑगस्टमध्ये श्रावण होता. आमच्या गटातले बरेच जण पाळतात, आणि ज्यांनी पाळायचं ठरवलं त्यांना कोणी काही म्हणालं नाही. पहिला रविवार 3 तारखेचा, म्हणजे फ्रेंडशिप डे, त्या दिवशी कुठे पाय ठेवायला जागा नसते. म्हणून 10 ऑगस्टला सकाळी, दुकान उघडायच्या आधी, एका मायक्रोब्रूअरीत, म्हणजे बिअर जिथल्या तिथे बनवणाऱ्या छोट्या ठिकाणी, फक्त बघायला गेलो. आधी फोन करून विचारलं तर बहुतेक ब्रूअर दाखवतात. फक्त पायात बंद बूट घालून जा, खाली कायम ओलं असतं.

हा सगळ्यात चांगला दिवस होता, आणि कोणी घोटभरही प्यायलं नाही.

ब्रूअरने हातावर तीन प्रकारचं माल्ट ठेवलं. पहिलं फिकट, चावलं की बिस्किटासारखं. दुसरं किंचित लालसर, त्यात गूळपणा. तिसरं काळंकुट्ट भाजलेलं धान्य, कॉफीच्या बीसारखं कुरकुरीत आणि कडू. स्टाउटमधला तो करपटपणा तोंडात जसाच्या तसा आला. माल्ट म्हणजे धान्य भिजवून, मोड आणून, मोड फार वाढायच्या आत वाळवायचं. मी थोडं पुडीत बांधून घरी आणलं. सासूबाईंनी दोन दाणे चावले आणि म्हणाल्या, "अगं, नाचणीचं सत्त्व करताना आपण हेच करतो की." मोड आल्यावर धान्याला गोडी का येते, हेही त्यांना माहीत होतं, फक्त एन्झाइम हा शब्द त्या वापरत नाहीत. ब्रूअर तेच काम 65-67 अंशांच्या गरम पाण्यात साधारण तासभर करतो: पिठाची साखर होते, मग ते पाणी गाळून उकळायचं, हॉप्स घालायचे, गार करायचं, यीस्ट सोडायचं. एल 18-20 अंशांना आंबते आणि लवकर तयार होते. लागर 10-12 अंशांना, आणि तिला पुढे काही आठवडे थंडीत पडू द्यावं लागतं. टाकी तेवढा काळ अडकून पडते, म्हणून छोट्या ठिकाणी लागर कमी आणि एल जास्त दिसतात. उरलेला चोथा गोठ्यात जातो. गाई आवडीने खातात म्हणे.

हॉप्सच्या हिरव्या गोळ्या तळहातावर चोळून वास घ्यायला दिल्या. एकीचा वास पपनसाच्या सालीचा, दुसरीचा ओल्या गवताचा. भारतात हॉप्स हिमाचलमधल्या लाहौल भागात होतात, पण हा ब्रूअर परदेशातून आलेले वापरत होता. आयबीयू म्हणजे या हॉप्समधून बिअरमध्ये उतरलेल्या कडवटपणाचं माप. पण तो नुसता आकडा बघून काही कळत नाही, हे इथे समजलं. माल्टची गोडी भरपूर असेल तर 40 आयबीयूसुद्धा सौम्य लागते.

आयपीएतल्या इंडियाची गोष्टही त्याने सांगितली. लंडनच्या बो ब्रूअरीचे हॉजसन अठराव्या शतकाच्या अखेरीला कंपनीच्या जहाजांवरून इकडे बिअर पाठवत. ती मुंबई, मद्रास, कलकत्त्यातल्या साहेबांसाठी असे. हॉप्स जास्त घातले की बिअर टिकते, हे त्या आधीपासून माहीत होतं. त्यामुळे 'जहाजप्रवासासाठी म्हणून एका माणसाने शोधून काढली' ही लोकप्रिय कथा त्याला मान्य नव्हती. इंडिया पेल एल हे नाव 1830 च्या दशकात रुळायला लागलं. पुण्याची आपली कहाणी बरीच अलीकडची: 2009 मध्ये इथे डूलाली सुरू झाली, राज्यातली पहिली मायक्रोब्रूअरी.

मग मोठी खीळ बसली. गणपती, 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, लगेच पितृपक्ष, मग नवरात्र, आणि दसरा नेमका 2 ऑक्टोबरला. पंचांग आणि बिअर यांचं पुण्यात जमणं कठीण आहे. शिकलेलं विसरेन असं वाटत होतं. तेव्हा सहकाऱ्याने एक अभ्यास दिला: स्वयंपाकघरात डोळे मिटून मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या ओळखायच्या. सोपं वाटतं. धने आणि बडीशेप मी चक्क उलट सांगत होते. रोज दोन मिनिटं केलं की नाक तयार होतं, आणि याला परवाना लागत नाही.

5 ऑक्टोबरला बाणेरमध्ये एकाच्या घरी बसलो, बिघडलेल्या बिअरचे वास शिकायला. यासाठी बाहेर जावं लागत नाही. साध्या लागरच्या बाटल्या आणल्या, दुकानात उत्पादनाची तारीख बघून ताज्यातल्या ताज्या, फ्रिजमधल्या. एक ग्लास जसाच्या तसा ठेवला. दुसऱ्यात बटर इसेन्सचा एक थेंब. आंबवण नीट पुरं झालं नाही की असाच लोण्याचा वास राहतो. तिसऱ्यात मका उकडलेल्या पाण्याचा चमचा. चौथी हिरवी बाटली गच्चीवर ऑक्टोबरच्या उन्हात अर्धा तास, आणि तिचीच जोडीदार खोक्यात. प्रकाशाने हॉप्समधलं द्रव्य फुटतं आणि घाणेरडा, रबर जळल्यासारखा वास येतो. तपकिरी काच प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी नाही. पाचवी बाटली एकाच्या माळ्यावर अख्खा उन्हाळा राहिलेली. तिला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास होता.

उन्हातली बाटली हुंगल्यावर खोलीत एकदम शांतता पसरली. हाच वास कॉलेजच्या सहलींपासून आम्हा सगळ्यांना 'परदेशी बिअरचा वास' म्हणून माहीत होता. मला तर तो भारीही वाटायचा. लोण्याचा वास मात्र गटातल्या एकाला काही केल्या येईना, थेंब वाढवले तरी. काहींच्या नाकाला ते द्रव्य जाणवतच नाही, त्यात त्याचा दोष नाही. गटात बसायचा हाही एक फायदा: आपल्याला काय येत नाही ते कळतं. इसेन्स, मका, बाटल्या मिळून माणशी साडेतीनशेच्या आत काम झालं, ट्रेपेक्षा स्वस्त.

9 नोव्हेंबरला परीक्षा, आमची आम्हीच घेतलेली. तीन ग्लास, त्यातल्या दोनांत एकच बिअर, तिसरी वेगळी. वेगळी कोणती ते सांगायचं. रंग दिसू नये म्हणून स्टीलचे पेले. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून प्रत्येकाला बऱ्याच फेऱ्या दिल्या. पिल्सनर आणि कोल्श वेगळ्या काढणं फार अवघड गेलं, मला आणि शिकवणाऱ्यालाही. जो पहिल्या दिवसापासून "मला यातलं काही कळत नाही" म्हणत होता, त्याचं सगळ्यात जास्त बरोबर आलं. तो अजूनही तेच म्हणतो.

त्यानंतर जेवण. मिसळ आणि आयपीए एकत्र घेऊ नका. कडवटपणा आणि बुडबुडे मिळून तिखटाला इतकं चढवतात की डोळ्यांतून पाणी येतं. तीच मिसळ गव्हाच्या बिअरबरोबर निवांत खाल्ली. कोथिंबीर वडी आणि विट छान जमतात. स्टाउटबरोबर मी खरवस नेला होता; तो दोघांना आवडला आणि बाकीच्यांनी नुसता खरवस संपवला. आयपीए मी आता मागवते, पण अर्धाच ग्लास, आणि जेवणाच्या आधी.

खर्चाचा अंदाज विचाराल तर: बाहेरच्या बैठकीला ट्रेचे चारशे ते पाचशे, दोघांत एक घेतला तर निम्मे, खाणं वेगळं, जाऊन-येऊन कॅब. बिलात बिअरवर व्हॅट आणि खाण्यावर जीएसटी असे दोन हिशेब असतात, वाटणी करताना ते वेगळे धरा, नाहीतर श्रावणात नुसतं खाणाऱ्याला बिअरचा कर भरावा लागतो. आणि ट्रे मागवायच्या आधी विचारा की कोणता टॅप आज-कालमध्ये लावलाय. ताजी लावलेली विट आणि बरेच दिवस लागलेली विट यांत फरक पडतो. विचारलं तर वेटर सांगतात. नाही सांगितलं तर म्हणा, "एक घोट चाखायला द्या." ही मागणी बहुतेक ठिकाणी फुकट पुरवतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.